कार्यस्थळावरील अग्निशामक सिलिंडर : वापर कधी करावा, कसा करावा आणि केव्हा टाळावा

नवी दिल्ली : राजकोट येथील खेळ संकुलाला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीचे सीसीटीव्ही चित्रण नंतर देशभर पाहिले गेले. वेल्डिंगच्या ठिणग्या खाली रचलेल्या ज्वलनशील साहित्यावर पडतात, धूर दिसू लागतो, कर्मचारी धावत येतात आणि हाताशी असलेल्या अग्निशामक सिलिंडरांनी आग विझवण्याचा प्रयत्न करतात. तो प्रयत्न फसतो. या दुर्घटनेत किमान २७ जणांचा मृत्यू झाला. तिच्यामागे परवानग्यांपासून बांधकामापर्यंत अनेक कारणे होती. परंतु चित्रणातील ते मोजके क्षण देशातील जवळजवळ प्रत्येक कार्यालयाला, कारखान्याला आणि गोदामाला लागू पडतात. भिंतीवर सिलिंडर आहे, तो उचलणारी माणसेही आहेत. पण त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे ऐनवेळी ठाऊक नसते.

हाताने उचलून नेता येणाऱ्या अग्निशामक सिलिंडराला मराठीत अग्निशामक यंत्र, अग्निरोधक नळकांडे अशी नावे आहेत. कारखान्यांत त्याला सरसकट ‘फायर सिलिंडर’ किंवा नुसते ‘एक्स्टिंग्विशर’ म्हटले जाते. त्याचे तांत्रिक वर्णन ‘प्राथमिक उपचाराचे साधन’ असे केले जाते आणि ते नेमके आहे. जखमेवर पट्टी बांधणे आणि शस्त्रक्रिया करणे यांत जे अंतर आहे, तेच हा सिलिंडर आणि अग्निशमन दलाचा बंब यांच्यात आहे. कागदाच्या टोपलीएवढी, टेबलाच्या एका कोपऱ्याएवढी, नुकतीच पेटलेली आग हे त्याचे कार्यक्षेत्र.

सेकंदांचा हिशेब

कार्यालयांत सर्वाधिक आढळणारा ६ किलो भुकटीचा सिलिंडर पूर्ण दाबून धरला, तर साधारण १० ते २० सेकंदांत रिकामा होतो. कार्बन डायऑक्साइडचे लहान सिलिंडरही जवळपास तेवढाच वेळ चालतात. ९ लिटर पाण्याचा सिलिंडर मिनिटभर पुरतो. प्रथमच वापरणाऱ्याचे यातील काही सेकंद नेम धरण्यात आणि आवाजाने दचकण्यात जातात. त्यामुळे प्रत्यक्ष आगीवर पडणारा फवारा याहूनही कमी असतो.

सिलिंडर उचलण्यापूर्वी काही गोष्टी एका दृष्टिक्षेपात ताडून घ्याव्या लागतात. ज्वाळा कमरेच्या उंचीच्या वर गेल्या आहेत का, धुरामुळे समोरचे दिसेनासे झाले आहे का, काय जळते आहे हे कळते आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता पाठीमागे मोकळा आहे का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असेल, तर दरवाजा ओढून घेऊन बाहेर पडणे हाच योग्य निर्णय असतो. दार बंद केल्याने आगीला मिळणारी हवा कमी होते आणि जिन्यात धूर भरण्यास उशीर होतो. एक सिलिंडर रिकामा होऊनही आग विझली नाही, तर ती आग सिलिंडरच्या आवाक्याबाहेर गेली असे समजावे. दोन कर्मचाऱ्यांनी दोन सिलिंडर एकाच वेळी वापरणे उपयुक्त ठरते. एकाने एकामागून एक आणत राहणे बहुतेक वेळा घातक ठरते.

दिल्लीतील अनाज मंडी परिसरातील कारखान्याला ८ डिसेंबर २०१९ रोजी लागलेल्या आगीत ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. त्याच शहरात मुंडका येथील व्यापारी इमारतीत १३ मे २०२२ रोजी २७ जणांचा बळी गेला, तेव्हा बाहेर पडण्यासाठी एकच जिना असल्याची बाब समोर आली. अशा इमारतींत ज्वाळा पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. म्हणून क्रम असा असावा : प्रथम ओरडून किंवा अलार्म वाजवून सर्वांना सावध करणे, त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करणे, आणि मगच सिलिंडरला हात घालणे. आग आपणच विझवू, उगाच गाजावाजा कशाला, या संकोचापायी दूरध्वनी उशिरा होतो. विझलेल्या आगीसाठी बंब आला तर कोणाचेही नुकसान होत नाही.

आगीचे वर्ग आणि एक सार्वत्रिक गैरसमज

सिलिंडरावर ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी अक्षरे असतात. लाकूड, कागद, कापड, रबर यांसारख्या घन पदार्थांची, जळून निखारा मागे ठेवणारी आग ‘ए’ वर्गात मोडते. पेट्रोल, थिनर, रंग, तेल अशा ज्वलनशील द्रवांची ‘बी’ वर्गात, स्वयंपाकाच्या व अन्य ज्वलनशील वायूंची ‘सी’ वर्गात, मॅग्नेशियमसारख्या धातूंची ‘डी’ वर्गात, तर तळणीच्या तेला-तुपाची ‘एफ’ वर्गात.

गैरसमज ‘सी’ या अक्षराभोवती आहे. अमेरिकेतील वर्गीकरणात ‘सी’ म्हणजे विजेच्या उपकरणांची आग. इंटरनेटवरील बरीच प्रशिक्षणचित्रे तिकडची असल्याने आपल्याकडील अनेक कार्यालयांतही हाच अर्थ शिकवला जातो. भारतात मात्र ‘सी’ म्हणजे वायू. वीज हा येथे स्वतंत्र वर्गच नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. जळते ते वायरचे आवरण, प्लॅस्टिक आणि आसपासचे साहित्य. पुरवठा तोडला की ती साधी ‘ए’ किंवा ‘बी’ वर्गाची आग उरते. म्हणून विजेच्या आगीत पहिला उपाय सिलिंडर नसून मेन स्विच आहे. तो सुरक्षितपणे बंद करता येत नसेल, तर कार्बन डायऑक्साइड किंवा भुकटी वापरावी. पाणी व फेस या दोन्हींतून वीज वाहते, त्यामुळे वापरणाऱ्याच्याच जिवाला धोका निर्माण होतो.

‘एबीसी’ भुकटीचा सिलिंडर अनेक प्रकारच्या आगींवर चालतो म्हणून तो सर्वत्र टांगला जातो. त्यातील मोनोअमोनियम फॉस्फेटची भुकटी ज्वाळा झटकन दाबते आणि पृष्ठभागावर वितळून थर धरते. परंतु ती थंडावा देत नाही. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव किंवा सुरत येथील यंत्रमाग कारखान्यांत, विदर्भातील जिनिंग प्रेसिंगमध्ये, कापडाच्या व कापसाच्या गोदामांत ही मर्यादा महत्त्वाची ठरते. कापसाच्या गाठीचा पृष्ठभाग पांढरा होतो, ज्वाळा दिसेनाशा होतात, माणसे निश्चिंत होतात आणि गाठीच्या आत धुमसणारी आग काही वेळाने पुन्हा बाहेर येते. अशा ठिकाणी पाण्याचा सिलिंडर आणि पाण्याची नळी यांना पर्याय नाही; भुकटी हा केवळ उसंत मिळवून देणारा उपाय.

भुकटीचा दुसरा दोष बंद जागेत दिसतो. एका ६ किलोच्या सिलिंडरातून खोलीभर असा धुराळा उठतो की बाहेर पडण्याचा रस्ता दिसत नाही आणि श्वास अडखळतो. दमट हवेत ही भुकटी धातू व सर्किटे गंजवते, त्यामुळे सर्व्हर खोलीत आगीपेक्षा भुकटीनेच अधिक नुकसान झाले असे घडू शकते. तेथे कार्बन डायऑक्साइड किंवा अवशेष न ठेवणारा ‘क्लीन एजंट’ वायू वापरणे इष्ट असते.

कार्बन डायऑक्साइडचा धोका

‘स्वच्छ’ म्हणून पसंत केला जाणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरणाऱ्यासाठी निर्धोक आहे असा समज आहे. एक साधा हिशेब पाहावा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ४.५ किलोच्या सिलिंडरातून सामान्य तापमानाला सुमारे २.५ घनमीटर वायू बाहेर पडतो. यूपीएस किंवा बॅटरी ठेवण्याची खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच असेल, तर तिच्यात सुमारे २४ घनमीटर हवा मावते. म्हणजे एकच सिलिंडर पूर्ण सोडला, तर त्या खोलीत या वायूचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर पोहोचते, आणि एवढ्या प्रमाणात माणूस अल्पावधीत बेशुद्ध पडू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, त्याला रंग नाही आणि पडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी आत शिरणारा दुसराही त्याच वाटेने जातो. म्हणून लहान खोलीत दारातूनच फवारा मारावा, लगेच मागे हटावे आणि हवा खेळती झाल्याशिवाय आत जाऊ नये. तळघर, केबलचे भुयार, टाकीच्या आतील भाग अशा जागी तर हा सिलिंडर वापरण्याचा विचारही करू नये.

त्याच्या तोंडाशी असलेल्या काळ्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नये. बाहेर पडणारा वायू क्षणात उणे ७८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतो आणि हाताची कातडी गोठून इजा होते. मूठ धरण्यासाठी दिलेली जागा वेगळी असते. मोकळ्या जागेत, वाऱ्यावर हा वायू विरून जातो आणि विझलेली वस्तू थंड न झाल्याने पुन्हा पेटू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

उपाहारगृह, गॅस आणि चार्जिंगचा कोपरा

कार्यालयाच्या उपाहारगृहातील कढई पेटली, तर सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणी ओतणे. उकळत्या तेलात गेलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट असते आणि ती पेटते तेल चौफेर उडवते. बर्नर बंद करून मोठे झाकण सरकवत कढईवर ठेवणे, आणि तेल थंड होईपर्यंत ते न उचलणे, हा जुना उपाय आजही सर्वोत्तम आहे. मोठ्या स्वयंपाकघरांसाठी ‘एफ’ वर्गाचा, पोटॅशियमच्या क्षारांचे द्रावण असलेला सिलिंडर असतो. ते द्रावण गरम तेलाशी संयोग पावून साबणासारखा थर तयार करते. कार्बन डायऑक्साइडचा जोरदार झोत उथळ कढईवर जवळून मारल्यास पेटते तेल बाहेर सांडते.

गॅसच्या बाबतीत नियम उलट वाटेल असा आहे. नळीतून किंवा रेग्युलेटरपाशी जळणारी ज्वाळा, वायूचा पुरवठा बंद करता येत नसेल तर, विझवू नये. जळणारा वायू दिसतो. न जळता साचत राहिलेला दिसत नाही आणि तो एका ठिणगीने स्फोट घडवतो. व्हॉल्व्ह बंद करता येत असेल तरच पुढे व्हावे, अन्यथा परिसर रिकामा करावा.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे आणि सुट्या बॅटऱ्यांचे चार्जिंग आता कार्यालयांच्या तळमजल्यांवर, दुकानांच्या मागच्या खोल्यांत सर्रास चालते. लिथियम-आयन बॅटरीच्या एका पेशीत उष्णतेची साखळी सुरू झाली की शेजारच्या पेशी पेटत जातात. त्यासाठी लागणारी उष्णता बॅटरीतूनच येते. भुकटी किंवा कार्बन डायऑक्साइडने ज्वाळा काही क्षण दबतात, पेशी मात्र तापतच राहतात आणि विषारी वायू बाहेर पडतात. अशा आगीला भरपूर आणि दीर्घकाळ पाणी लागते, ते सिलिंडरात मावत नाही. चार्जिंगची जागा जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर नसणे हीच तेथील खरी सुरक्षा आहे. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी प्लग जिन्याखालीच असतो.

हाताळण्याची रीत

सिलिंडर उचलून आगीपासून साधारण अडीच-तीन मीटरवर, पाठ दरवाजाकडे आणि मोकळ्या जागेत असल्यास वाऱ्याकडे ठेवून उभे राहावे. पिरगाळून सील तोडावे आणि पिन ओढून काढावी. येथे घाबरलेला माणूस दांडा घट्ट दाबून धरतो आणि मग पिन निघत नाही. पिन काढताना दांड्यावर बोटांचा दाब असता कामा नये. सिलिंडर खाली ठेवून किंवा केवळ वरच्या मुठीने तोलून पिन सहज निघते. पुढे सरसावण्यापूर्वी एक लहान फवारा सोडून सिलिंडर चालतो याची खात्री करावी. मग नळीचे तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे न रोखता बुडाशी रोखावे, दांडा दाबावा आणि झाडू फिरवावा तसा फवारा डावीकडून उजवीकडे फिरवत हळूहळू पुढे जावे. सांडलेल्या द्रवाला आग लागली असेल तर जवळच्या कडेपासून सुरुवात करून ती पलीकडे ढकलत न्यावी. थेट मध्यभागी मारलेला झोत द्रव उडवतो.

आग विझली असे वाटल्यावर पाठ न फिरवता मागे यावे आणि कोणीतरी तेथे नजर ठेवून थांबावे.

जुन्या पिढीतील कामगारांना सिलिंडर उलटा करून जमिनीवर आपटण्याची सवय होती. सोडा-आम्लाच्या शंकूच्या आकाराच्या जुन्या यंत्रांसाठी ती रीत बरोबर होती, कारण त्यांत उलटे केल्यावर आम्ल व सोडा मिसळून दाब तयार होत असे. ती यंत्रे केव्हाच मागे पडली, सवय काही ठिकाणी उरली. आजचा साठवलेल्या दाबाचा सिलिंडर उलटा धरल्यास आतील नळीचे टोक वर येते आणि पदार्थाऐवजी नुसता वायू निघून जातो.

देखभाल : कागदावरील आणि खरी

सिलिंडर कोठे असावा आणि त्याची तपासणी कशी व्हावी, याची संहिता भारतीय मानक २१९० मध्ये आहे. त्याच्या बांधणीचे व कार्यक्षमतेचे निकष भारतीय मानक १५६८३ मध्ये आहेत. कामाच्या कोणत्याही ठिकाणापासून १५ मीटर चालण्याच्या आत सिलिंडर हाताशी यावा आणि तो शक्यतो बाहेर पडण्याच्या वाटेवर असावा, हे त्यातील मूळ तत्त्व. दाराजवळ सिलिंडर ठेवण्याचे कारण सरळ आहे : तो घेण्यासाठी माणूस आधी सुरक्षित जागी पोहोचतो आणि मग परत वळायचे की नाही हे ठरवतो. प्रत्यक्षात तो खोक्यांच्या मागे, कुलूपबंद कपाटात किंवा दार उघडे राहावे म्हणून दाराला टेकवलेला आढळतो.

दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळीत गांधीलमाशीने घर केलेले नाही ना, पत्रा गंजलेला नाही ना, हे पाहण्यास मिनिटभरही लागत नाही आणि ते महिन्यातून एकदा कोणाही कर्मचाऱ्याला करता येते. मात्र काटा हिरवा असणे म्हणजे सर्व ठीक असणे नव्हे. भुकटी ओल धरून तळाशी घट्ट बसू शकते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडराला तर दाबमापकच नसतो. त्याचे वजन करावे लागते आणि आतील वायूचे वजन १० टक्क्यांहून अधिक घटले असेल तर पुन्हा भरून घ्यावे लागते. अनेक कार्यालयांत या सिलिंडरावर ‘तपासले’ अशी चिठ्ठी लागते, पण त्या दिवशी इमारतीत वजनकाटा आलेलाच नसतो. ही एक खूण ओळखली तरी देखभाल करणाऱ्या संस्थेचे काम पारखता येते.

पाणी, फेस व भुकटीच्या सिलिंडरांची जलदाब चाचणी दर ३ वर्षांनी, तर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडराची दर ५ वर्षांनी करण्याची पद्धत आहे. आयुष्य अनुक्रमे १० आणि १५ वर्षांचे मानले जाते. त्यानंतर तो सुस्थितीत दिसला तरी बाद करावा. उच्च दाबाच्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरांना वायू सिलिंडर नियमही लागू होतात. त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. हे सिलिंडर उन्हात किंवा भट्टीजवळ टांगू नयेत, कारण तापमानाबरोबर आतील दाब झपाट्याने वाढतो.

एकदा, अगदी दोन सेकंदांसाठी वापरलेला भुकटीचा सिलिंडर परत खुंटीला अडकवू नये. भुकटीचे कण झडपेत अडकतात आणि दाब पुढील काही तासांत किंवा दिवसांत गळून जातो.

कायद्याची चौकट

अग्निशमन सेवा ही राज्ये व स्थानिक संस्थांच्या कक्षेत येत असल्याने नियम राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करणे बंधनकारक आहे. दिल्लीत २००७ चा अग्निशमन सेवा अधिनियम व त्याखालील २०१० चे नियम लागू आहेत. कारखान्यांपुरते पाहिल्यास, १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३८ ने आग विझवण्याची साधने पुरवण्याबरोबरच कामगारांना सुटकेच्या वाटांची माहिती व आगीच्या वेळच्या कृतीचे प्रशिक्षण देण्याचीही जबाबदारी व्यवस्थापनावर टाकली. पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये हा कायदा सामावून घेण्यात आला. साधने पुरवण्याचा भाग बिलांवरून सिद्ध करता येतो. प्रशिक्षणाचा भाग बहुधा हजेरीपटावरच्या सह्यांपुरता राहतो आणि कंत्राटी कामगार, रात्रपाळीचे रखवालदार, सफाई कर्मचारी यांची नावे त्या पटावरही क्वचितच असतात. वस्तुतः आग प्रथम दिसण्याची शक्यता त्यांनाच अधिक असते.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील आगीतून झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि या काळात अनेक ठिकाणी अग्निशमन दले प्रात्यक्षिके दाखवतात. प्रात्यक्षिक पाहणे आणि स्वतः दांडा दाबणे यांत फरक आहे. त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही. भुकटी बदलण्याची मुदत आलेले सिलिंडर देखभाल संस्थेकडे भरलेलेच पाठवले जातात आणि तेथे रिकामे केले जातात; ते पाठवण्यापूर्वी मोकळ्या आवारात, देखरेखीखाली, प्रत्येक पाळीतील दोघा-तिघांच्या हातून रिकामे करून घेता येतात. ज्या दिवशी ते पाठवले जातील, त्या दिवशी त्यांच्या जागी भरलेले पर्यायी सिलिंडर टांगून घ्यावेत.